पणजीभोवतीचे किनारे आणि त्यांच्या वाटा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापूर, सांगली, सोलापूरपासून थेट मराठवाड्यापर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांत गोव्याच्या सहलीचा बेत शिजू लागतो. कार्यकर्त्यांची घरेही याला अपवाद नाहीत, आणि असण्याचे कारणही नाही. वर्षभर मोर्चे, बैठका आणि वर्गणीच्या पावत्या यांत गुंतलेल्या माणसाने चार दिवस बायकामुलांना घेऊन समुद्रावर जावे, यात अपराधी वाटावे असे काही नाही. अशा वेळी पणजीला मुक्काम ठरतो आणि वाद सुरू होतो तो किनाऱ्यांच्या निवडीवरून. मुलांना कळंगुट हवे असते, वडीलधाऱ्यांना गर्दी नको असते. वाळू कोठे चांगली, पाणी कोठे उथळ, जेवण कोठे स्वस्त, या कसोट्या रास्तच आहेत. परंतु एक कसोटी मात्र कोणी लावत नाही. त्या किनाऱ्यावर जाण्याची वाट कोणाच्या मालकीची आहे?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. समुद्र सर्वांचा, वाळू सर्वांची, मग वाटेचा बाऊ कशाला? पण अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक विद्यार्थीही सांगू शकेल की जी वस्तू फुकट आहे तिच्यापर्यंत पोचण्याचे दार जर विकता आले, तर ती वस्तू फुकट राहत नाही. रिकार्डोने जमिनीच्या खंडाची मीमांसा केली ती धान्याच्या शेतांपुरती. आज ती भरतीरेषेला लागून असलेल्या माडाच्या बागांना जशीच्या तशी लागू पडते. समुद्र तोच, सूर्यास्त तोच. बागेच्या मालकाच्या पदरात जो जादा मोबदला पडतो तो त्याच्या श्रमाचा नसतो, केवळ त्याच्या जागेचा असतो. आणि शेजारची पायवाट बंद झाली की तो आपोआप वाढतो. पणजीभोवतीच्या किनाऱ्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या पायवाटांचा इतिहास आहे.

पणजी हे शहर मुळातच पाण्याच्या कडेने वाढले. मांडवीच्या काठावर आदिलशहाचा वाडा होता. जुन्या गोव्यात रोगराईने थैमान घातल्यावर १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपला मुक्काम त्या वाड्यात हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. शहरातून नदीकाठाने पश्चिमेकडे चालत गेले की मांडवी जेथे समुद्राला मिळते तेथे मिरामार लागते. वाटेत कॅसिनोच्या बोटी नांगर टाकून उभ्या असतात. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिण्यासारखे आहे, पण ते पुन्हा केव्हा तरी.

मिरामार हा खऱ्या अर्थाने नगरवासीयांचा किनारा. फाटक नाही, तिकीट नाही, कोणाच्या बागेतून जावे लागत नाही. सुरूच्या बनातून सरळ वाळूवर उतरता येते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी येथेच आहे. संध्याकाळी शाळकरी मुले, निवृत्त कारकून, कर्नाटकातून आलेले बांधकामावरचे मजूर आणि बसमधून उतरलेले पर्यटक एकाच वाळूवर बसलेले दिसतात. नदीच्या मुखाशी प्रवाह फसवे असल्याने पोहण्याला ही जागा चांगली नव्हे, आणि पाणीही निळेशार नाही. प्रवासाच्या पुस्तकांत म्हणूनच तिला फारशी किंमत मिळत नाही. पुढे करंझाळे लागते. तेथे अजूनही होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. त्याच्या पुढे दोनापावला. तेथे किनारा असा नाहीच. १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’ या चित्रपटात दिसलेला धक्का पाहण्यासाठी माणसे आजही तेथे रांगा लावतात. त्याच दोनापावल्याच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय आहे. वाळूच्या टेकड्या का जपाव्यात याचे उत्तम ज्ञान त्या इमारतीत उपलब्ध आहे. परंतु धक्क्यावर येणाऱ्या हजारोंपैकी कोणी तिकडे फिरकत नाही, यात दोष केवळ पर्यटकांचा नव्हे.

दोनापावल्याच्या पुढे, झुआरीच्या मुखाकडे वळल्यावर वायंगिणीचा छोटासा किनारा आहे. याच किनाऱ्याच्या वाटेवरून एक खटला लढला गेला, आणि तो प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगा आहे. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस येथे एका बड्या हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन करून दिली. संपादनाच्या करारातच एक अट होती, ती अशी की किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट मोकळी राहिली पाहिजे. हॉटेल वाढले, नवे बांधकाम झाले, आणि गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने समुद्रावर जात ती वाट अडली. गावकरी आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले. प्रकरण अनेक वर्षे रेंगाळत २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले आणि निकाल लोकांच्या बाजूने लागला. समुद्र, नद्या, किनारे ही कोणा एकाची मालमत्ता नसून शासन हे त्यांचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीच्या पात्राबाबतच्या कमलनाथ खटल्यात पूर्वीच मान्य केले होते. त्याच तत्त्वाच्या आधारे न्यायालयाने वाट अडवणारे बांधकाम पाडण्याचा आदेश दिला.

येथवरची हकीकत ऐकून कोणालाही आनंद व्हावा. पण पुढे काय झाले? निकालाचे पालन करण्याऐवजी गोवा सरकारने त्याच वर्षी भूमिसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, आणि ती पूर्वलक्षी प्रभावाने थेट १९६४ पासून लागू केली. ज्या अटीचा भंग झाला म्हणून बांधकाम बेकायदा ठरले होते, ती अडचणच कायद्याने दूर करण्यात आली. विश्वस्तानेच विश्वस्तनिधीवर पाणी सोडले. या दुरुस्तीला आव्हान देण्यात आले, परंतु २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. विधिमंडळाला कायदा बदलण्याचा अधिकार आहे, आणि तो असलाच पाहिजे. संसदीय लोकशाही मानणाऱ्या पक्षाला याविषयी कुरकुर करता येणार नाही. प्रश्न असा आहे की शेतमजुराची झोपडी वाचवण्यासाठी याच तत्परतेने पूर्वलक्षी कायदा झाल्याची किती उदाहरणे दाखवता येतील? न्यायालयात जिंकलेली लढाई विधानसभेत हरता येते, हा धडा जुनाच आहे. चळवळीने न्यायालयाच्या पायऱ्या चढताना विधानसभेकडे पाठ फिरवली की हेच घडते.

वायंगिणीला जाणाऱ्याने म्हणून एवढे करावे. हॉटेलच्या दारातून नव्हे, गावाची वाट विचारून जावे.

मांडवीच्या उत्तर तीरावर चित्र आणखी बोलके आहे. पणजीहून बेतीला जाणारी सरकारी फेरीबोट पायी प्रवाशाकडून भाडे घेत नाही. गोव्यात फुकट मिळणाऱ्या सुखांपैकी हे एक थोर सुख समजले पाहिजे. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पुढची काही वर्षे याच बोटींनी अवघा प्रदेश पेलून धरला होता. पलीकडे आग्वादची टेकडी आहे. तेथला किल्ला १६१२ मधला. परंतु मराठी माणसाच्या, आणि विशेषतः समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात आग्वाद म्हटले की किल्ला येत नाही, तुरुंग येतो. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली, आणि त्याच वर्षी पुन्हा गोव्यात शिरल्यावर त्यांना याच आग्वादच्या कोठडीत ठेवण्यात आले. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना येथून पोर्तुगालला पाठवले गेले. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून गेलेल्या कितीतरी जणांनी या परिसरातल्या तुरुंगांत सालाझारच्या राजवटीची शिक्षा भोगली. २०१५ मध्ये तुरुंग दुसरीकडे हलवण्यात आला, आणि डिसेंबर २०२१ पासून तेथे संग्रहालय आहे. ते अवश्य पाहावे.

संग्रहालय पाहून टेकडी उतरले की सिकेरीचा किनारा लागतो. किल्ल्याचा खालचा तट थेट समुद्रात घुसला आहे, आणि त्याला लागूनच सत्तरीच्या दशकात एक पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे प्रमुख विश्रांतीसाठी येथे आले, आणि गोव्याचा किनारा जगाच्या श्रीमंतांच्या नकाशावर गेला. ज्या तटाच्या आड मोकळ्या समुद्राकडे पाहण्याचीही राजकैद्यांना चोरी होती, त्याच तटाचा आज खोलीचे भाडे वाढवण्यासाठी उपयोग होतो. यावर संताप करण्यापेक्षा वाळूवर जाऊन बसावे हे बरे, कारण सिकेरीची वाळू आजही कोणाच्या बापाची नाही.

या वाळूने आणखी एक विटंबना सोसली. ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे खनिजवाहू जहाज वादळी समुद्रात येथे किनाऱ्याजवळ रुतले. ते तेथून निघाले २०१२ मध्ये. तब्बल बारा वर्षे एक गंजलेले जहाज गोव्याच्या सर्वात मिळकतीच्या किनाऱ्यासमोर पडून होते. निविदा निघत होत्या, रद्द होत होत्या, आणि लाटांची दिशा बदलल्याने कांदोळी-सिकेरीची वाळू झिजत होती. खाणउद्योगाचा नफा खाजगी आणि त्याचा भंगार सार्वजनिक, या न्यायाचे याहून ठसठशीत स्मारक कोणी उभारू शकले नसते.

कांदोळीच्या पुढे कळंगुट, त्याच्या पुढे बागा. पर्यटकांच्या नव्वद टक्के गप्पा या दोन नावांभोवती फिरतात. पण हा किनारा पर्यटकांच्या आधी कोणाचा होता, याची आठवण ठेवणारे थोडे. किनाऱ्यालगतच्या माडाच्या बागा भाटकारांच्या, आणि त्यांत खोप करून राहणारे मच्छीमार त्यांचे मुंडकार. खुशाल हाकलावे अशी त्यांची अवस्था होती. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्यांच्या पायाखालच्या जमिनीला थोडे बळ दिले. हा कायदा झाला नसता तर हॉटेलांना बागा विकताना भाटकाराने घरासकट माणसेही बाहेर काढली असती.

हे मच्छीमार रापणकर. रापण मालवण-वेंगुर्ल्याच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. घाटावरच्यांसाठी एवढे सांगितले पाहिजे की हे मैल-अर्धा मैल लांबीचे जाळे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि मग पाचपन्नास माणसे दोन्ही बाजूंनी दोर धरून ते वाळूवर ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा, आणि पुष्कळ ठिकाणी दोराला नुसता हात लावणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही. सहकाराचे पाठ्यपुस्तक कोणाला हवे असेल तर ते या दोरात आहे. रापणीला लागते ती सलग मोकळी वाळू. खुर्च्या, छत्र्या आणि मोटारबोटी यांनी नेमकी तीच खाल्ली.

तत्पूर्वी घाला आला तो ट्रॉलरांचा. सरकारी अर्थसाहाय्यावर घेतलेल्या यांत्रिक नौका किनाऱ्याजवळ येऊन मासळीची अंडीपिल्ली खरवडून नेऊ लागल्या, तेव्हा सत्तरीच्या दशकात मातानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकरांची संघटना उभी राहिली. मोर्चे, उपोषणे, समुद्रातल्या चकमकी असे सर्व काही झाले. या रेट्यातून १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा निदान कागदावर तरी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. परदेशी चार्टर विमाने येऊ लागल्यावर १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ रस्त्यावर उतरली, तिच्याही मागे हीच धास्ती होती. त्या वेळी वृत्तपत्रांनी तिची टर उडवली. गोव्याची २०११ ची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, आणि सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये आलेले पर्यटक एक कोटीहून अधिक. टर उडवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

रापणकरांची मुले आज काय करतात? काही शॅक चालवतात. शॅक म्हणजे वाळूवर हंगामापुरते उभारलेले झापाचे उपाहारगृह. त्यांचे वाटप सोडत काढून स्थानिकांनाच करावे, असे सरकारचे धोरण आहे, आणि धोरण म्हणून ते चांगले आहे. परंतु परवाना एकाचा आणि भांडवल दुसऱ्याचा, ही आपल्या देशातील जुनी रीत येथेही शिरली. परवाना घेऊन शॅक बाहेरच्या धनिकाला भाड्याने द्यायचा आणि घरी बसून रक्कम मोजायची. २०२४ च्या आरंभी पर्यटनमंत्र्यांनी शॅकमध्ये शीतकढी ठेवलीच पाहिजे असे फर्मावले. यजमानाच्या ताटातून त्याचे स्वतःचे अन्न गायब झाले होते, हाच त्या फर्मानाचा अर्थ. थाळीत हुमण आले म्हणून गल्ल्यावर बसणारा बदलत नाही.

आता एका अप्रिय विषयाकडे वळणे भाग आहे. गोव्यात अलीकडे ‘दर्जेदार पर्यटक’ हा शब्द फार ऐकू येतो. त्याचा व्यावहारिक अर्थ जास्त खर्च करणारा पर्यटक, एवढाच आहे. बसमधून येऊन, सोबत स्टोव्ह आणि पातेली आणून, रस्त्याकडेला भात शिजवणारा पर्यटक त्यात बसत नाही. २०१८ मध्ये एका तत्कालीन मंत्र्याने अशा देशी पर्यटकांबद्दल अत्यंत अपमानास्पद शब्द वापरले, आणि २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणे व स्वयंपाक करणे यांसाठी दंडाची तरतूद झाली. एकट्याला २,००० रुपये, गटाला १०,००० रुपये. मद्यपान आणि स्वयंपाक यांना एका तराजूत तोलणारा हा कायदा आहे. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने वर्षभर पैसे साठवून मुलांना समुद्र दाखवायला आणावे आणि हॉटेलच्या जेवणाचे दर परवडत नाहीत म्हणून पिठलेभात शिजवावा, हा गुन्हा कसा?

मात्र एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाळूत फोडलेल्या बाटल्या ही काल्पनिक गोष्ट नव्हे. त्या अनवाणी रापणकराच्या पायात घुसतात. दारू पिऊन पाण्यात उतरून बुडणारे, परदेशी स्त्रियांचे चोरून फोटो काढणारे, जीपगाड्या भरतीरेषेपर्यंत घालणारे यांत मराठी पाट्यांच्या गाड्या कमी नसतात. गोवेकरांचा राग निराधार नाही, आणि महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी तो ‘मराठी माणसाचा अपमान’ म्हणून धुडकावणे हे तर पळपुटेपणाचे ठरेल. पण या रागाचा लाभ कोणाला होतो हेही पाहिले पाहिजे. गरीब यजमान आणि गरीब पाहुणा वाळूवर एकमेकांशी भांडत असताना मागच्या मागे पायवाटेवर कुंपण पडते. ते कुंपण रापणकरालाही अडवते आणि यंत्रमाग कामगारालाही.

कुंपण भरतीरेषेच्या किती जवळ यावे याचाही हिशेब आहे. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा असे कळवले. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्याला हे श्रेय देणे जड जाईल, तरी ते दिले पाहिजे. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरचा ‘ना विकास’ पट्टा २०० मीटरवर आला. २०१९ च्या अधिसूचनेने, २०११ च्या जनगणनेनुसार जेथे लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक आहे अशा ग्रामीण भागांत, तो ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. पाचशे, दोनशे, पन्नास. हिंदी महासागराची पातळी वाढत असताना माणूस मात्र समुद्राकडे सरकतो आहे.

वाळूच्या टेकड्यांवर जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला असतो. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात. कोकणात त्याला मर्यादावेल म्हणतात. समुद्राची मर्यादा कोठे संपते हे त्यावरून कळते, अशी समजूत. हॉटेलच्या हिरवळीसाठी टेकडी सपाट करताना पहिल्यांदा उपटला जातो तो हाच वेल.

तेव्हा किनारा कोणता निवडावा? पोहायचे असेल तर जीवरक्षक असलेला कांदोळी-कळंगुटचा पट्टा, तोही सकाळी, लाल निशाण नसताना. पावसाळ्यात कोठेच नाही. नुसते बसायचे असेल तर मिरामार, लहान मुलांसह सुद्धा. खरा गाव पाहायचा असेल तर पणजीपासून दहाएक किलोमीटरवर झुआरीच्या काठाचे शिरदोन; तेथे रांगेने खुर्च्या नाहीत आणि ओहोटीला बायका खुबे-तिसऱ्या वेचताना दिसतात. त्यांच्याकडून घ्याव्यात, भाव करू नये. आग्वाद पाहून सिकेरीला उतरायचे असेल तर बेतीची बोट पकडावी. पलीकडे कांदोळी-कळंगुटकडे जाणाऱ्या बसगाड्या मिळतात. स्टोव्ह घरी ठेवावा, भाकरी-चटणी सोबत घ्यावी, तिला अद्याप दंड नाही. आणि सकाळी लवकर करंझाळ्याला वा कांदोळीला रापण ओढताना दिसली तर फोटो काढत उभे राहण्यापेक्षा पायताणे काढून दोराला हात लावावा. कोणी नको म्हणत नाही, दोर जड असतो.